दाभोळचें बंदर



कोंकणच्या किनाऱ्यावर वासिष्ठी नदी जेथें समुद्राला मिळते, तेथें उत्तर तीरावर दाभोळ हें गांव आहे आणि दक्षिण तीरावर धोपावें, वेलदूर व अंजनवेल हीं गांवें आहेत. उत्तर तीर दापोली तालुक्यांत मोडतो, दक्षिण तीर गुहागर तालुक्यांत. ज्या वीजप्रकल्पामुळें दाभोळचें नांव १९९२ नंतर साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांतून गाजलें, तो प्रकल्प दाभोळांत नाहींच. तो पलीकडे अंजनवेल-वेलदूरच्या माळावर आहे. नांव एका तीराचें आणि जमीन दुसऱ्या तीराची, हा भेद तिऱ्हाइताला क्षुल्लक वाटेल. खाडीकाठच्या लोकांना तो तसा वाटत नाहीं. बंदर कोणाचें आणि त्याच्या भरभराटीचा वाटा कोणाच्या पदरांत पडतो, हा प्रश्न या खाडीला पांचशें वर्षें पुसला जात आहे, आणि आज मी त्याविषयींच आपणांशीं बोलणार आहें.

बंदर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पाणी येतें. परंतु खोल पाणी असून ओसाड पडलेल्या खाड्या आपल्या किनाऱ्यावर थोड्या नाहींत. पाण्याच्या पाठीमागें घांट चढून जाणारी वाट लागते, आणि त्या वाटेच्या शेवटीं ज्यांना समुद्रापलीकडचें कांहीं तरी हवें आहे अशी माणसें लागतात. या माणसांची गरज पालटली कीं बंदराचें दैव पालटतें. दाभोळच्या बाबतींत हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

बहामनी सुलतानांच्या काळीं दख्खनला घोडे हवे होते. लढाऊ घोड्याची पैदास येथील हवेंत नीट होत नसे. म्हणून अरबस्तान व इराणच्या आखातांतून तो गलबतांत घालून आणावा लागे. हा व्यापार ज्या बंदरांनीं केला त्यांत दाभोळ अग्रगण्य होतें. पुढें बहामनी राज्याचा वजीर झालेला महमूद गवान १४५३ सालीं व्यापारी म्हणून हिंदुस्थानांत आला तो दाभोळलाच उतरला. त्यानंतर वीस वर्षांच्या आंत अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी स्वतःचा घोडा विकण्याच्या आशेनें चौलला उतरला, जुन्नर-बिदरकडे हिंडला, आणि मायदेशीं जाण्यासाठीं पुन्हां समुद्राकडे वळला तो दाभोळास. आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें या बंदराच्या मोठेपणाची व येथें उतरणाऱ्या घोड्यांची आवर्जून नोंद केली आहे. एवढें वैभव असलें कीं शत्रूची नजर त्यावर जायचीच. चौलच्या लढाईंत मुलगा मारला गेल्याचा सूड उगवावयास निघालेला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा १५०८च्या डिसेंबरांत दाभोळवर उतरला आणि त्यानें हें शहर जाळून टाकलें. तें पुन्हां उभें राहिलें. विजापूरकरांच्या अमदानींतील घुमटाची मशीद धक्क्याजवळ अजून उभी आहे, ती या दुसऱ्या उत्कर्षाची साक्ष होय.

घोड्यांचा व्यापार गेला तरी खाडी रिकामी झाली नाहीं. चिपळूण, त्याखालचें गोवळकोट बंदर, आणि वरती कऱ्हाडकडे जाणारा कुंभार्ली घांट ही जी एक अखंड सांखळी होती, तिच्यावरून देशावरचा गूळ, मिरची व धान्य खालीं उतरे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. आधीं बैलांचे तांडे, मग गाड्या. आणि गोवळकोटास भरतीच्या पाण्याबरोबर वर आलेले मचवे. ओहोटी लागण्यापूर्वीं माल भरून निघावयाचें, हें या व्यापाराचें घड्याळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून सातारा-मिरजेकडे आगगाडी गेली आणि देशावरच्या व्यापाऱ्याला घांट उतरण्याचें कारणच उरलें नाहीं. माल दुसऱ्या वाटेनें मुंबईस जाऊं लागला. पोर्तुगीजांच्या जाळपोळींतून जें बंदर सावरलें, तें लोखंडाच्या दोन रुळांपुढें मात्र सावरलें नाहीं. शिवाय वासिष्ठीनें आपलें काम चालूंच ठेवलें होतें. दर पावसाळ्यांत डोंगरांची माती आणून ती खाडींत भरीत होती. जेथें मोठीं गलबतें फिरत तेथें आज होडीसहि भरतीची वाट पाहावी लागते.

यापुढें दाभोळला उरली ती चाकरमान्यांची आगबोट. जुन्या पिढींतल्या श्रोत्यांना ती सांगावयास नको. कोंकणच्या बहुतेक बंदरांत आगबोट दूर खोल पाण्यांत थांबे, आणि पेट्या, वळकट्या, कोंबड्या व लेंकरें यांसह माणसें पडावांतून तिच्याकडे जात. मे महिना सरत आला कीं आगोट लागे. आगबोटी बंद होत, शिडाचीं तारवें वर ओढून झापांनीं शाकारलीं जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा जगापासून तुटे. मीठ-मिरची, डाळ-तांदूळ, सुके बोंबील यांची बेगमी घरांत आलेली असे. पावसाळ्यांत बंदर बंद, हें कोंकणांत पंचांगाइतकें निश्चित होतें. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. कारण अब्जावधि रुपये खर्चून उभारलेल्या यंत्रांनाहि तिच्यापुढें मान तुकवावी लागली, तें मी पुढें सांगणार आहें.

विजेचा आणि या खाडीचा संबंध मात्र पुष्कळांना वाटतो त्याहून जुना आहे. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या वीजघरांत सोडण्याची योजना १९६२च्या सुमारास कार्यान्वित झाली. वीज निर्माण करून मोकळें झालेलें तें पाणी वासिष्ठींत येतें आणि चिपळूणवरून दाभोळास जातें. जें पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जावयाचें, तें अशा रीतीनें अरबी समुद्रास मिळतें. कोयनेचे सर्व टप्पे मिळून आज १,९६० मेगावॅट इतकी शक्ति आहे. तेव्हां महाराष्ट्राच्या दिव्यांत या नदीचा वाटा एन्रॉनच्या आधींपासूनच होता.

एन्रॉनची कथा सर्वांच्या कानांवर आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १९९२च्या जूनमध्यें या अमेरिकन कंपनीचा व राज्य वीज मंडळाचा प्राथमिक करार झाला. १९९५ सालीं नव्या सरकारनें करार रद्द केला व पुढच्याच वर्षीं फेरफार करून तो मान्य केला. १९९९च्या मे महिन्यांत ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. तो नॅप्थ्यावर चाले. आखातांतून द्रवरूप वायु आणण्याची तयारी दुसऱ्या टप्प्याबरोबर व्हावयाची होती. मंडळानें वीज घेवो वा न घेवो, ठराविक आकार भरावयाचा, अशी अट करारांत होती. आणि इंधनाचा भाव व डॉलरचा भाव हे दोन्ही आपल्या हातांत नव्हते. वीज महाग झाली, मंडळाला बिलें पेलेनात, २००१च्या मे महिन्यांत यंत्रें थांबलीं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मूळ कंपनीच अमेरिकेंत दिवाळखोरींत निघाली. माळावर उरला तो जवळजवळ पुरा झालेला दुसरा टप्पा, वायूच्या अर्धवट टाक्या, आणि समुद्रांत थोडीशी पुढें जाऊन मध्येंच थांबलेली दगडांची एक भिंत.

या करारावर पुस्तकेंच्या पुस्तकें लिहिलीं गेलीं. त्या भिंतीवर फारसें कोणी लिहिलें नाहीं. माझ्या मतें बंदराच्या दृष्टीनें खरी गोष्ट तीच आहे.

नैसर्गिक वायु जहाजांतून न्यावयाचा तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचें पाणी करावें लागतें. असें केलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें सहाशें पटींनीं घटतें. एरवीं इतका वायु वाहून नेणें परवडणारेंच नाहीं. हें द्रव ज्या जहाजांतून येतें तें साधारणपणें तीनशें मीटर लांब असतें. धक्क्याला लागल्यावर लोखंडी बाहूंच्या नळ्या त्याला जोडतात आणि जवळजवळ दिवसभर उपसा चालतो. या सबंध वेळांत जहाज हलतां कामा नये. पडावांतल्या तांडेलाला लाटेबरोबर वर-खालीं होत माल उचलून घेतां येई. उणे १६२ अंशांचें द्रव ज्या नळींतून वाहत आहे तिला ती मुभा नाहीं. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं अंजनवेलच्या टोकाशीं ज्या लाटा येतात, त्यांत असें जहाज स्थिर ठेवणें अशक्य. त्यासाठीं समुद्रांत दोन किलोमीटरहून लांब अशी भिंत घालून तिच्या आडोशाला शांत पाणी निर्माण करावें लागतें. इंग्रजींत तिला ब्रेकवॉटर म्हणतात. आपण लाटबांध म्हणूं.

२००५ सालीं गेल व एन.टी.पी.सी. या सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानें रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. वीजघर पुन्हां चालूं झालें, आणि २०१३च्या जानेवारींत द्रववायूचें पहिलें जहाज धक्क्याला लागलें. भिंत मात्र तेव्हांहि अपुरीच होती. परिणाम असा झाला कीं पुढचीं दहाएक वर्षें मे महिना सरला कीं जहाजें बंद होत आणि पावसाळा संपल्यावर पुन्हां सुरू होत. कागदावर वर्षाला पन्नास लक्ष टन द्रववायु उतरविण्याची शक्ति. प्रत्यक्षांत तीस लक्ष टनांच्या आंतच. आगोटीचा जुना नियम घोड्यांच्या गलबतांना लागू होता, चाकरमान्यांच्या आगबोटींना लागू होता, तो या नव्या युगाच्या जहाजांनाहि बिनतक्रार लागू झाला. अडलें तें दगड आणि काँक्रीट यांच्यावांचून. लाटबांधाचें राहिलेलें काम पुन्हां हातीं घ्यावयासहि पुष्कळ वर्षें लोटावीं लागलीं. आरंभींच भिंत पुरी करून मग यंत्रें आणलीं असतीं तर? असा प्रश्न कोणी विचारील. भिंतीवर वीज तयार होत नाहीं, तिचा उद्‌घाटनसमारंभ शोभिवंत होत नाहीं, आणि तिच्या आडोशाला जो उभा राहील त्याच्याकडून भाडें वसूल करणें कठिण. म्हणून सावकार भिंतीला पैसा द्यावयास नाखूष असतो, असें त्याचें उत्तर आहे.

आतां या बंदरांत जें उतरतें तें जातें कोठें, तेंहि पाहूं. २०१३ सालींच दाभोळपासून बंगळूरपर्यंत सुमारें एक हजार किलोमीटरची वायूची नळी घातली गेली. त्याआधीं पनवेलकडे जाणारी एक नळी होतीच. जहाज येतें, द्रव टाकींत जातें, तें ऊब देऊन पुन्हां वायुरूप करतात, आणि जमिनीखालून तो सह्याद्रि ओलांडून जातो. ना हमाल, ना गाडीवान, ना वखार, ना अडत्या. पूर्वींचें बंदर गांवांतून माल नेई, म्हणजे वाटेंत दहा माणसांचे हात त्याला लागत आणि त्या हातांना कांहीं तरी चिकटून राही. नव्या बंदरांतला माल कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं. याला बंदर म्हणावें कीं मोठा नळ म्हणावा, अशी मला कित्येकदां शंका येते. मी हें उपहासानें म्हणत नाहीं. बंगळूरच्या एखाद्या कारखान्याची भट्टी त्या वायूवर चालत असेल तर देशाचें कल्याणच आहे. परंतु खाडीकाठच्या माणसानें आपल्या अंगणांतून जाणाऱ्या या धनाकडे कोणत्या भावनेनें पाहावें?

वेलदूरच्या मच्छीमारांनीं आपली भावना लपविली नव्हती. १९९७ सालीं त्यांच्या वस्तींत पोलिसांची जी कारवाई झाली, तिच्यांत स्त्रियांना घरांतून ओढून काढून अटक केली गेली. दोन वर्षांनीं ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या सर्व प्रकारावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पाच्या बाजूनें बोलणाऱ्या पुष्कळ भल्या माणसांना हा विषय निघालेला आवडत नाहीं. पण ज्या पाण्यावर आपण नवा हक्क सांगतों, त्यावर जुना हक्क कोणाचा होता याचा हिशेब आधीं न केल्यास तो पुढें लाठीच्या भाषेंत करावा लागतो. शिवाय खाडीचें दुःख एकट्या वीजप्रकल्पापुरतें नाहीं. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचें सांडपाणी खाडींत येऊन मासळी मरते, अशी तेथील मच्छीमारांची फार वर्षांची तक्रार आहे.

दाभोळच्या दक्षिणेस, शास्त्री नदीच्या मुखाशीं, जयगडला दुसरा प्रयोग झाला. तेथें २००९ सालीं एका खासगी उद्योगाचें खोल पाण्याचें बंदर सुरू झालें आणि त्याच्या शेजारीं १,२०० मेगावॅटचें कोळशाचें वीजघर. लाटबांध आधीं, जहाजें मागाहून, असा तेथील क्रम. म्हणून तें बारमाही चाललें. दाभोळच्या मानानें ही व्यवहाराची गोष्ट झाली, हें कबूल केलें पाहिजे. पण जयगडच्या दाराशीं आगगाडी नाहीं. १९९८च्या जानेवारींत कोंकण रेल्वे सबंध मार्गावर धावूं लागली ती डोंगराच्या बाजूनें, आणि बंदरें राहिलीं समुद्राच्या बाजूला. मधलें अंतर मालमोटारींनीं तोडावयाचें. तेव्हां रस्त्याकांठच्या गांवांना बंदराचा परिचय होतो तो धुळीच्या व भोंग्यांच्या रूपानें. ज्या रेल्वेनें एकदां घांटावरचा माल पळविला, तीच आज बंदरापाशीं आली तर गेलेला माल परत आणूं शकेल, इतकी साधी ही बाब आहे. चिपळूण स्थानकापासून दाभोळची खाडी नकाशावर बोटभर अंतरावर आहे.

आणि इंधनाचें काय? कोळसा, नॅप्था, कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळचा समुद्रांतला वायु, परदेशचा द्रववायु; वीस वर्षांत या किनाऱ्यानें किती जिन्नस पाहिले! कृष्णा-गोदावरीचा वायु २००९ नंतर दाभोळच्या वीजघराला मिळूं लागला आणि चारच वर्षांत आटला. यंत्रें पुन्हां थांबलीं. २०१५च्या अखेरीस रेल्वेनें तेथील वीज घ्यावयास आरंभ केला तेव्हां तीं पुन्हां हललीं. २०२२ सालीं युक्रेनांत युद्ध पेटलें आणि द्रववायूचे भाव असे भडकले कीं तो जाळून वीज करणें म्हणजे चंदन जाळून पाणी तापविण्यासारखें झालें. इकडे उन्हाची वीज दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. दुपारीं ती भरपूर असते. सूर्य मावळला कीं जी ओढ लागते, त्या चार-सहा तासांसाठीं झटकन्‌ सुरू होणारें वायूचें यंत्र अजून उपयोगाचें आहे. पण विजेचा सांठा करणारीं साधनें स्वस्त झालीं म्हणजे तीहि गरज किती दिवस राहील? घोड्यांचा व्यापार निदान कांहीं पिढ्या टिकला. आजच्या इंधनाला तितकें आयुष्य देण्यास मी धजत नाहीं.

म्हणून मला वाटतें कीं बंदरावर खर्च करतांना जें मालाबरोबर जुनें होतें तें आणि जें मालानंतरहि राहतें तें यांत फरक केला पाहिजे. टाक्या, नळ्या, यंत्रें हीं ज्या कंपनीच्या फायद्याचीं तिनें आपल्या जोखमीवर उभारावीं. लाटबांध, खाडीच्या तोंडाचा गाळ उपसणें, धक्का, रेल्वेचा फांटा, हीं कामें सरकारनें सार्वजनिक म्हणून करावीं, आणि त्यांचा आडोसा एकट्या मोठ्या जहाजाला न देतां मच्छीमाराच्या बोटीलाहि द्यावा. दाभोळला हें उलटें झालें. यंत्राची हमी सरकारनें घेतली आणि भिंत कंपनीवर सोंपविली.

हा विचार आज करावयाचें कारण असें कीं पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथें ७६,२२० कोटि रुपयांच्या बंदरास केंद्र सरकारनें २०२४च्या जूनमध्यें मंजुरी दिली आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें त्याची कोनशिला बसविण्यांत आली. नैसर्गिक खोल पाणी, रेल्वेचा लोहमार्ग जवळ, मुंबई व न्हावाशेवा येथें न मावणारीं मोठीं जहाजें. जमेच्या बाजू भक्कम आहेत. डहाणूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोधहि तितकाच जुना आणि भक्कम आहे. पेट्यांचें बंदर हें वायूच्या बंदरासारखें नळ होऊन बसत नाहीं, त्यांत पुष्कळ हातांना काम असतें, हें खरें. तें काम कोणत्या हातांना मिळणार, आणि ज्यांचीं जाळीं तेथून उठतील त्यांना दुसरें पाणी कोठें मिळणार, हें कोनशिलेवर कोरलेलें नसतें.

दाभोळच्या उत्तरेला, थोड्याच अंतरावर, हर्णैचें बंदर आहे. तेथें रोज संध्याकाळीं वाळूवर मासळीचा लिलाव भरतो. बोटी पाण्यांतच उभ्या राहतात. त्यांच्यापासून किनाऱ्यापर्यंत टोपल्या बैलगाड्यांतून आणाव्या लागतात, आणि बर्फाच्या मालमोटारी वर रस्त्यावर ओळीनें थांबलेल्या असतात. बोटी थेट लागतील असा आडोशाचा धक्का मिळावा म्हणून तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें मागणी केली. वादळाची सूचना आली कीं या बोटी आसऱ्यासाठीं आंजर्ल्याच्या खाडींत शिरतात, आणि तेथेंहि तोंडाशीं गाळ असल्यामुळें त्यांना भरतीची वाट पाहावी लागते. दोन तास बाहेर उधाणांत थांबावयाचें, आणि मग एकामागून एक आंत यावयाचें.